जंगल मोठं, हरणं थोडी

वाचक विचारतात, आम्ही सांगतो. या वेळी हरणांवरच इतकी पत्रं आलीत की बाकीचे सगळे प्रश्न (संत्र्याची फळगळ, माकडं, गच्चीवरची बाग) पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी रिटायर्ड माणूस, मानेवाड्याला राहतो. लेक अन् जावई अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात असतात. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं तिकडे तीन महिन्यांसाठी जाऊन राहिलो. जावई म्हणते बाबा नोव्हेंबरात माझ्यासोबत जंगलात हरणाच्या शिकारीला चला. आता आपल्याकडे चितळाला हात लावला तर जेल, अन् तिथं हे राजरोस कसं चालते? दुसरं म्हणजे जावई चार वर्षांपासून जाऊन राहिले आणि आतापर्यंत एकच हरीण मिळालं म्हणे. मी तर पेंचला एका सकाळी दीडशे-दोनशे चितळ मोजले, सिल्लारी गेटपासून. मग आमचे जावई आळशी आहेत की काय? मला बंदूक चालवता येते, एनसीसीत शिकलो होतो. वय ६३, बीपी आहे, गुडघे ठीक. काय घालू, काय नेऊ, जमेल का? (एक सासरेबुवा, मानेवाडा)

उत्तर : काका, सगळ्यात आधी जावयाची बाजू घेतो, कारण चार वर्षांत एक हरीण हा तिकडच्या उत्तरेकडच्या जंगलात काही वाईट हिशोब नाहीये. मी स्वतः दोन नोव्हेंबर मेनमध्ये काढलेत, मावसभावाकडे. हातात बंदूक नव्हती, थर्मास होता, मी नुसता मागे मागे चालायचो. पहिल्या वर्षी नऊ दिवसांत आम्हाला दोन माद्या दिसल्या आणि एका नराची फक्त शेपटी दिसली. म्हणजे हरीण दिसलं असंही धड म्हणता येत नाही.

कारण काय ते बघा. मेन हे राज्य आकाराने जवळजवळ आपल्या विदर्भाएवढं, नव्वद हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. आणि अख्ख्या राज्यात माणसं तेरा-चौदा लाख, म्हणजे एकट्या नागपूर शहरात त्यापेक्षा जास्त. उरलेलं काय, तर जंगल. जमिनीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग झाडीखाली आहे, उत्तरेला तर शंभर-शंभर किलोमीटर गाव नाही, शेत नाही, डांबरी रस्ता नाही, फक्त लाकूड कंपन्यांचे मुरमाचे रस्ते. आपलं महाराष्ट्रातलं पेंच साधारण ७४० चौरस किलोमीटर, अख्खं मेळघाट धरलं तरी पावणेतीन हजारांच्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या.

आता एवढं जंगल म्हटल्यावर आपल्याला वाटतं हरणं पण तेवढीच खचाखच असतील. तसं नसतं ना. उलट असतं. हरणाला दाट म्हातारं जंगल फारसं उपयोगाचं नाही, त्याला तोंडाच्या उंचीवर खायला लागतं, कोवळे फुटवे, झुडपं, गवत, आणि हे सगळं जंगलाच्या कडेला मिळतं, जिथे झाडी संपते आणि मोकळं सुरू होतं. पेंचमध्ये तोतलाडोहच्या पाण्याकाठचं गवत आहे, गावं उठून गेली त्या जागची मोकळी मैदानं आहेत, म्हणून तुम्हाला दीडशे चितळ दिसले. आपल्या पेंचच्या चांगल्या भागात चौरस किलोमीटरला पन्नासच्या वर चितळ असतात, आणि मेनच्या उत्तरेला त्याच एका चौरस किलोमीटरात एक किंवा दोन हरणं, कुठे तेवढीही नाहीत. वर आणखी चितळ कळपानं राहतो आणि उघड्यावर चरतो, तिकडचं व्हाईटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, एकट्या-दुकट्यानं राहतं, त्यातून मोठा नर म्हणजे अगदीच एकलकोंडा. आणि मेन हा या हरणाच्या मुलखाचा जवळजवळ उत्तरेचा काठ आहे, हिवाळ्यात बर्फ मांडीएवढं साचलं की ती चालूच शकत नाहीत, मग दाट सिडार-फरच्या झाडीत, ओढ्याकाठी गोळा होऊन कसेबसे दिवस काढतात, कडक हिवाळा आला की बरीच मरतात पण. म्हणून किती माद्या मारायला परवानगी द्यायची हे तिथलं वन्यजीव खातं हिवाळा कसा गेला ते बघून ठरवतं.

मग या जंगलात हरीण शोधायचं कसं? इथेच खरी मजा आहे आणि इथेच तुमचे जावई बहुतेक मार खात असतील. शेताकडच्या भागातले शिकारी झाडावर मचाण बांधून बसतात, हरीण रोज त्याच वाटेनं शेतात येणार हे त्यांना माहीत असतं. मोठ्या जंगलात बसून राहिलात तर थंडीनं गोठाल, हरीण येणार नाही, ते आज इथे तर उद्या पाच किलोमीटर पलीकडे. तिथं चालावं लागतं आणि वाचावं लागतं. काय वाचायचं, तर एक म्हणजे खायला काय आहे, दोन-चार वर्षांपूर्वी लाकूडतोड झालेला पट्टा, जिथे फुटवे आलेत, किंवा बीचच्या झाडाची फळं पडली असतील तो डोंगरउतार. दुसरं म्हणजे जमिनीचा आकार. दोन टेकड्यांच्या मधली खिंड, डोंगराच्या अंगावरचा सपाट टप्पा, दलदल आणि उताराच्या मधली चिंचोळी पट्टी. हरीण पण आपल्यासारखंच आहे काका, उगाच चढ चढत नाही, सोप्या वाटेनं जातं.

आणि तिसरं म्हणजे नराच्या खुणा. नोव्हेंबर हा त्यांच्या माजाचा महिना, दिवस लहान होत गेला की अंगात ते वारं शिरतं, आणि जो नर वर्षभर रात्रीशिवाय हलत नाही तो भरदिवसा मैलोन्‌मैल फिरायला लागतो. हा नर जाता जाता झाडाच्या खोडावर शिंगं घासतो, साल निघून आतलं पांढरं लाकूड दिसतं, जाड खोड घासलेलं असेल तर नर मोठा असण्याची शक्यता जास्त. आणि खाली वाकलेल्या फांदीच्या बरोब्बर खाली पालापाचोळा खुरानं उकरून उघडी माती करतो, त्यात मुततो, वरची फांदी तोंडात धरून चघळतो. दुसऱ्या हरणांसाठी तो बोर्ड आहे बोर्ड, मी इथे होतो म्हणून. आपला सांबर पण खोडं घासतो, पेंचच्या गाईडला विचारा तो दाखवेल.

बर्फ पडलं की मात्र खेळच बदलतो. एक ताजा ठसा सापडला की त्याच्या मागे निघायचं, दिवसभर. नर की मादी हे कसं कळतं, तर मोठ्या नराचा ठसा खोल आणि रुंद, डाव्या-उजव्या पावलांत अंतर जास्त कारण छाती रुंद, पातळ बर्फातही पाय ओढल्याच्या रेघा दिसतात. दाट फरच्या खालून मादी सरळ घुसते, शिंगवाला नर वळसा घालून जातो. मूत्राची खूण सुद्धा सांगते, मादीची एका जागी बसून पडलेली, नराची चालता चालता ठिबकलेली. हे सगळं ऐकून तुम्हाला हसू येईल पण माझा मावसभाऊ गुडघ्यावर बसून पिवळ्या बर्फाकडे पाच मिनिटं बघत होता आणि मग म्हणाला, चल, हाच.

त्या दिवशी आम्ही सकाळी सातपासून त्याच्या मागे. जोवर ठसे सरळ रेषेत जातायत तोवर भराभर चालायचं, तो कुठेतरी निघालाय, आपण मागे आहोत. ठसे जेव्हा नागमोडी व्हायला लागतात, इथे थोडं खाल्लं, तिथे शेवाळ ओढलं, तेव्हा समजायचं की याला आता बसायचंय. मग वेग एकदम कमी, दोन पावलं आणि थांबा, बघा, परत दोन पावलं. कारण हा बसताना उंचवट्यावर बसतो आणि तोंड करून बसतो आपण आलो त्याच वाटेकडे. आम्ही काय केलं, आम्ही थर्मास उघडला. झाकणाचा टक असा आवाज झाला, समोरच्या उंचवट्यावर पांढरी शेपटी उभी राहिली, आणि संपलं. जाऊन बघितलं तर बर्फात त्याच्या बसण्याचा खड्डा, अजून गरम. मावसभाऊ मला काही बोलला नाही. घरी येईपर्यंत काहीच बोलला नाही. तुमचे जावई बोलले नाहीत तर समजून घ्या.

वाऱ्याचं एक सांगतो मग तुमच्या सामानाकडे येतो. हरणाचं नाक हा सगळ्यात मोठा शत्रू. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की झालं, तुम्ही कितीही दबकत चाला. आणि डोंगरात वारा नसला तरी हवा हलतेच, सकाळी ऊन लागलं की गरम हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी थंड हवा खाली उतरते, म्हणून सकाळी वरून आणि संध्याकाळी खालून जावं असं जुने लोक म्हणतात. हवा बघायला तिकडे मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवतात, एक धागा सोडला की कुठे जातो ते दिसतं. मी बघितलं आणि म्हटलं अरे ही तर आपली रुईची म्हातारी! आणि खरंच एकाच घराण्यातली झाडं आहेत ती. लहानपणी शाळेच्या मैदानावर फुंकरून उडवायचो, तो पोरखेळ इथे कामाला आला.

आता तुमचं. बंदुकीचा विषय आधीच बाजूला ठेवा. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाला अमेरिकेच्या कायद्यानं बंदूक हातात धरता येत नाही, सूट आहे ती तिथल्या कुठल्यातरी राज्याचं शिकारीचं लायसन्स असलेल्यांना. आणि मेनमध्ये मोठ्या माणसाला पहिल्यांदा लायसन्स काढायचं तर सेफ्टी कोर्सचा दाखला किंवा आधीचं लायसन्स दाखवावं लागतं, एनसीसीचं सर्टिफिकेट चालेल असं मला नाही वाटत. तुम्ही थर्मास घ्या. (झाकण हळू उघडा.)

कपडे : जावयाला कायद्यानंच अंगात आणि डोक्यावर दोन्हीकडे चमकता नारिंगी रंग लागतो, तुम्ही पण घाला. हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, त्याला ते मळकट वाटतं, माणसाला मात्र अर्ध्या किलोमीटरवरून दिसतं. आपण संत्र्याच्या गावचे, लाजायचं कशाला. पण काका, पांढरी टोपी अजिबात नाही. पांढरा रुमाल नाही, पांढरे हातमोजे नाहीत. १९८८ मध्ये मेनमध्येच एक बाई स्वतःच्या घरामागच्या अंगणात उभी होती, हातात पांढरे मोजे, एका शिकाऱ्याला ती हरणाची शेपटी वाटली. ती गेली. त्यानंतर तिथं निशाणा नक्की काय आहे हे ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही असा कायदाच झाला. बाकी आतून लोकरीचे थर, सुती बनियन नको, घामानं ओलं झालं की थंडी हाडात शिरते.

बीपीची गोळी खिशात, डॉक्टरांना विचारून जा, आणि जावयासोबतच राहा, एकटं पाच मिनिटं पण कुठे जायचं नाही. नोव्हेंबरात तिकडे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सगळी झाडं सारखी दिसतात. आम्ही एकदा एक तास चालून स्वतःच्याच बुटांच्या ठशांवर आलो होतो. मोबाईलला रेंज नसते, कंपास हवा, आणि कंपास काय म्हणतो ते मानायला हवं, मनाला वाटलं म्हणून उलट जायचं नाही. रस्त्यावर लाकडाचा ट्रक दिसला की गाडी बाजूला घ्यायची, ते रस्ते त्यांचेच आहेत. रविवारी जायचं नाही, मेनमध्ये रविवारी शिकार बंद. २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून अन्नाचा हक्क राज्यघटनेत घातला, मग त्याच्या जोरावर एक जोडपं कोर्टात गेलं की आम्हाला रविवारी पण जाऊ द्या, २०२४ मध्ये कोर्टानं नाही म्हटलं.

आणि राजरोस कसं चालतं म्हणाल, तर पुढच्या एका पत्रात तेच विचारलंय, तिथे वाचा.

प्रश्न : मी त्यांच्याच घरातून लिहून राहिली, माझ्या मोबाईलवरून. यांचं शिकारीचं ठीक आहे, पण समजा मिळालंच तर ते मटण शिजवायचं कसं? लेक म्हणते कडक होते. आणि यांना कलेजी लागते. (सासरेबुवांच्या सौ.)

उत्तर : काकू, कलेजी नाही. हे आधी. हरणाच्या कलेजीत आणि गुर्द्यात कॅडमियम साठतं म्हणून मेनचं खातंच सांगतं की खाऊ नका. गोळी लागली त्या भागाचं मटण पण हात आखडता न घेता कापून फेका, शिशाचे बारीक कण आजूबाजूला पसरलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत.

कडक होतं कारण त्यात चरबी नसतेच जवळजवळ. बोकडासारखं समजून कुकरला सात शिट्ट्या दिल्या की चप्पल. पाठीचा जो लांब लुसलुशीत तुकडा असतो तो जाड कापून गरम तव्यावर दोन-दोन मिनिटं, बास. खांदा आणि मांडी मात्र मंद आचेवर तीन तास, भरपूर तेल घालून, आणि हो, सावजी मसाला. मी बॅगेत अर्धा किलो नेला होता, कस्टमवाल्यानं हुंगून बघितला आणि शिंकला. मावसभावाच्या शेजाऱ्यांनी एक वाटी रस्सा खाल्ला, मग दूध मागितलं.

एक मात्र, हे मटण विकत मिळत नाही आणि विकता येत नाही, जंगलातल्या हरणाचं मटण विकणं तिकडे गुन्हा आहे, स्वतः खा नाहीतर कुणाला तरी वाटा. आणि येताना शिंगं बॅगेत घालून आणायचा विचार यांच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, वन्यप्राण्यांचे अवयव घेऊन विमानतळावर उतरणं म्हणजे स्वतःहून भानगड ओढवून घेणं.

प्रश्न : तुमच्या कॉलममध्ये शिकारीचं कौतुक वाचून वाईट वाटलं. (पाठवणाऱ्या ताईंना हा विषय घेणार हे आधीच कळलं होतं, मीच व्हॉट्सअपवर बोललो होतो.) एवढा देश श्रीमंत, तिथं खायला काय कमी आहे? आपण बंदी घातली ती बरोबर की त्यांनी चालू ठेवली ती? (एक शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : ताई, दोन्ही. आणि हे मी टाळायला म्हणून नाही म्हणत.

तिकडे एकोणिसाव्या शतकात हरणं विकण्यासाठी मारली, गाड्या भरभरून शहरात नेली, १९०० च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत व्हाईटटेल पाचेक लाख उरली होती. मग विक्रीवर घाव घातला. १९०० सालचा लेसी कायदा आला, चोरून मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन विकणं गुन्हा झाला, राज्यांनी सीझन ठरवले, लायसन्स आणले. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला, बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्क्यांपर्यंत कर, तो पैसा वन्यजीवांच्या कामाला. आज तीच हरणं तीनेक कोटींच्या घरात आहेत, इतकी की बऱ्याच शहरांत डोकेदुखी झालीत, गाड्यांना धडकतात. आणि पूर्वेकडच्या जंगलात त्यांना खाणारा लांडगा आणि प्यूमा (तिकडचं मोठं रानमांजर) माणसानं आधीच संपवले होते, कोयोट (लांडग्याचा लहान भाऊबंद) आलेत पण ते मोठ्या नराला सहसा हात लावत नाहीत.

आपल्याकडे खाणारा आहे ना. एका वाघाला वर्षाला पन्नासएक चितळाएवढी जनावरं लागतात. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा, नागपूरच्या भोवती वाघच वाघ, ती चितळं त्यांच्या ताटातली आहेत, त्यात आपण हात घातला की वाघ गावातल्या गोठ्यात येणार. आणि आपल्याकडची जंगलं तुकड्या-तुकड्यांत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काय हाल होते ते जुन्या लोकांना विचारा, साठच्या दशकात याच नागपुरातून परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सहली निघायच्या, हाका घालायला, म्हणजे जनावरं शिकाऱ्यापुढे हाकलायला, गावचे लोक रोजानं घ्यायचे. गंमत म्हणजे मेनमध्ये तीनपेक्षा जास्त जणांनी मिळून हरणं हाकलणं बेकायदेशीर आहे. आपल्या साहेबलोकांसारखी शिकार तिथं केली असती तर सगळे आत गेले असते.

कौतुक मी मारण्याचं करत नाहीये, माग काढण्याचं करतोय. तरी तुम्हाला खटकलं ते खटकलं, तो तुमचा हक्क.

प्रश्न : आमचं शेत कुही तालुक्यात, जंगलाला लागून. अमेरिकेतल्या हरणाचं सोडा, इथं रोही (नीलगाय) अन् डुकरं हरभरा ठेवून नाही राहिले. आम्हाला परवानगी का नाही? लोक तारेत करंट सोडतात, मी अजून सोडला नाही. (एक शेतकरी)

उत्तर : दादा, नका सोडू, खरंच. त्या तारेला रोही नाही तर वाघ लागतो, किंवा पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी लागतो, विदर्भात दोन्ही झालंय, आणि मग शेत राहतं बाजूला अन् माणूस जेलमध्ये. झटका मशीन लावा, सोलरवरची, त्यात जनावराला झटका बसतो पण मरत नाही, मेन लाईन थेट तारेला जोडणं ही वेगळी गोष्ट आणि तो गुन्हा.

परवानगीचं म्हणाल तर पीक खाणाऱ्या रोही आणि रानडुकरासाठी अर्ज करायची सोय महाराष्ट्रात आहे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचं, पण चितळ-सांबराला ती लागू नाही. आणि अर्ज केला म्हणून बंदूक उचलायची नाही, कागद हातात येईपर्यंत थांबायचं. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, तो पंचनाम्यासाठी लगेच टाका, चार दिवसांनी गेलात तर कर्मचारी विचारतो खाल्लेलं कुठे दिसून राहिलं? फोटो काढून ठेवा, खुरांचे ठसे पण. हे सगळं करून पैसे वेळेवर मिळतील असं मी छातीठोक सांगत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही वैतागलो असतो.

प्रश्न : सर, आपल्याकडे अमेरिकेतल्यासारखं सलग जंगल आहे का कुठे? मी बीएस्सी झूलॉजीला आहे. आणि ठसे वगैरे शिकायचं असेल तर सफारीत गाडीतून उतरू देत नाहीत, मग शिकायचं कुठे? (एक विद्यार्थी, सक्करदरा)

उत्तर : सलग म्हणावं असं आपल्याजवळ गडचिरोली. जिल्ह्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास जंगल. आणि तुला मजा सांगतो, तिथं फिरलास तर पेंच-ताडोबासारखे चितळांचे कळप दिसत नाहीत. म्हणजे जंगल मोठं आणि हरणं थोडी हे मेनसारखंच, पण कारण वेगळं, तिथं बर्फानं नाही मारली, वर्षानुवर्षं फासे आणि सापळे लावून माणसानं खाल्ली.

बाकीचं आपलं जंगल रस्त्यांनी, कालव्यांनी, शेतांनी तोडलेलं. तरी जनावरं जातात. टिपेश्वरमधून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ २०१९-२० मध्ये शेतं आणि हायवे ओलांडत एकूण तीन हजार किलोमीटर चालला आणि ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. नागपूर-सिवनी हायवेवर पेंचजवळ जनावरांसाठी रस्ता उचलून खाली वाट ठेवलीय, सगळ्यात लांब तुकडा ७५० मीटरचा, तिथे चितळ, रानडुक्कर, वाघ खालून जाताना कॅमेऱ्यात आलेत. पुढच्या वेळी सिवनीला जाशील तेव्हा वरून जाताना खाली बघ, झरकन निघून जातं.

शिकायचं तर सोपं आहे. गोरेवाड्याला निसर्ग पायवाट आहे, सकाळी लवकर जा, ओल्या मातीत बघ. कोरड्या नाल्याची वाळू मिळाली तर उत्तम, तिथे जंगल स्वतः लिहून ठेवतं. चितळाचा ठसा टोकदार, सांबराचा त्याहून बराच मोठा, डुकराचा मागे दोन ठिपके पडलेला. सूर्य खाली असताना बघ, तिरप्या उजेडात ठसा उठून दिसतो, दुपारी बाराला काहीच दिसत नाही. एक ठसा बघून पुढे जाऊ नकोस, पुढचे दहा शोध, जनावर चालत होतं की पळत होतं, कुठे थांबलं, मान वळवली का. झाडीत जनावर बघायचं असेल तर पूर्ण जनावर शोधू नको, आडवी रेष शोध, सगळी खोडं उभी असतात, पाठ तेवढी आडवी. हे मला मावसभावानं मेनमध्ये सांगितलं आणि पुढच्या उन्हाळ्यात सिल्लारीजवळच्या एका वनमजुरानं शब्द न बदलता तेच सांगितलं, दोघांची भेट कधी झालेली नाही.

आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याचा निसर्गानुभव असतो, मचाणावर रात्रभर पाणवठ्यासमोर बसायचं आणि आलेलं जनावर नोंदवायचं. नाव आधी नोंदवावं लागतं, जागा पटकन भरतात, मार्च-एप्रिलपासून लक्ष ठेव. कोरा कागद, दोन पेन्सिली (पेन रात्री दगा देतं), पाणी आणि गप्प बसायची तयारी एवढं घेऊन जा. सेंटवाला स्प्रे मारून जाऊ नकोस. आणि थर्मास नेलास तर झाकणाचं काय करायचं ते वर लिहिलंय.